कडक भाकरीचं युनिट: सीएमईजीपीच्या अर्जापासून पहिल्या सुगीपर्यंत

गेल्या वर्षभरात तालुक्यातली आणि बाहेरची पण बरीच पोरं-पोरी विचारायला लागलीत की ताई ते मुख्यमंत्री रोजगार निर्मितीचं, म्हणजे सीएमईजीपीचं कर्ज खरंच मिळतं का, का नुसतंच फिरवतात. मिळतं. मला मिळालं. पण कसं मिळालं, मधे काय काय झालं आणि पैसा हातात आल्यावर खरी अडचण कुठं आली हे फोनवर पाच मिनिटात सांगता येत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय, लांबलं तर लांबू दे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. आमच्याकडं पाऊस कमी, पण जमीन काळी आणि खोल, परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणारी, त्यामुळं रब्बीची ज्वारी इथं जशी येते तशी दुसरीकडं येत नाही असं आमचं म्हणणं आणि ते खोटं नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालंय. मालदांडी म्हणतात ती हीच, त्यातलं एम ३५-१ वाण तर आपल्याच जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात गावठी मालदांडीतून निवडून काढलेलं आहे आणि एवढ्या वर्षांनी पण शेतकरी तेच पेरतो. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडून धान्य वाटलं ती गोष्ट याच गावची. म्हणजे धान्याचं नाव शेकडो वर्षांचं आहे, पण आजही माल जातो तो पोत्यात भरून, वजनावर, आडत कापून. २०२३-२४ ला मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये होता, बाजारात चांगल्या मालाला त्याच्या बरंच वर मिळतं, पण तरी पोतं ते पोतंच. त्या पोत्याचं पुढं जे काही होतं, पीठ, रवा, पोहे, भाकरी, ते सगळं गावाबाहेर होतं आणि त्यातला पैसा पण गावाबाहेरच राहतो.

मी सोलापुरात बी.एस्सी. केलं आणि पुण्यात एका खाद्यपदार्थाच्या कंपनीत लॅबमध्ये कामाला होते, पाकिटातला माल किती दिवस टिकतो, ओलावा किती आहे, हे तपासायचं काम. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलेलं, आपल्या देशानंच तो प्रस्ताव मांडला होता, त्यामुळं पुण्यात ज्या त्या दुकानात ज्वारी बाजरी नाचणीची पाकिटं दिसायला लागली. आणि मी सुट्टीवरून येताना आईनं बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी रूमवर आणली की मैत्रिणी पैसे देऊन मागायच्या, पुढच्या वेळी जास्त आण म्हणायच्या. कडक भाकरी नीट भाजलेली असली, आत ओल राहिली नसली, तर महिना-दोन महिने सहज टिकते, हे आमच्या बायकांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे आणि मला लॅबमुळं त्याचं कारण पण माहीत होतं. तिथं मनात बसलं.

घरी सांगितलं तेव्हा आई लगेच हो म्हणाली. आण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "नोकरी सोडून कर्ज काढायचं म्हणतीस, तर हिशोब आधी कागदावर मांडून दाखव मला." तो कागद मी मांडला आणि खरं सांगते, पुढं बँकेत जो प्रकल्प अहवाल दिला त्याचा पाया तोच कागद होता.

आता कोणती योजना. इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर. मुद्रा लोन सगळ्यांना माहीत आहे, शिशु ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, तरुण १० लाखापर्यंत, तारण लागत नाही, पण त्यात अनुदान नाही. केंद्राची पीएमएफएमई म्हणून अन्नप्रक्रियेची योजना आहे, कृषी खात्याकडून चालते, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि सोलापूर जिल्ह्याला त्यात ज्वारीच नेमून दिलेली आहे. तिसरी सीएमईजीपी, म्हणजे मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०१९ पासून राज्य सरकारची, जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योग मंडळ यांच्यामार्फत. मी अर्ज केला तेव्हा वयाची अट १८ ते ४५ होती, महिलांना आणि इतर विशेष प्रवर्गांना ५ वर्षं सूट. तेव्हा उत्पादनाच्या उद्योगाला ५० लाखापर्यंतचा प्रकल्प चालत होता. अनुदान शहरात सर्वसाधारणला १५ टक्के, ग्रामीणला २५, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे विशेष प्रवर्गाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारणला १० टक्के, विशेष प्रवर्गाला ५ टक्के.

माझा प्रकल्प ८ लाखाचा. अनुदान पीएमएफएमईत पण ३५ आणि इथं पण ३५, पण स्वतःचा हिस्सा तिथं १० टक्के म्हणजे ८० हजार आणि इथं ५ टक्के म्हणजे ४० हजार. माझ्याकडं पुण्यातल्या पगारातून साठलेले पैसे होते त्यात ४० हजार भरून हाताशी थोडे राहत होते, ८० भरले असते तर हात रिकामा. म्हणून सीएमईजीपी. दुसऱ्या कुणाचं गणित वेगळं असेल, १५-२० लाखाचं युनिट असेल तर दोन्हीकडं विचारून मगच ठरवा.

अर्ज ऑनलाइन आहे आणि त्याला फी नाही. हे मोठ्यानं सांगते कारण मला पण एकजण भेटला होता, फाईल मंजूर करून देतो, अनुदानाच्या एवढे एवढे टक्के माझे. त्याला आण्णांनीच दारातून परत पाठवलं. कागद लागतात ते म्हणजे आधार, पॅन, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रं, प्रवर्गाचं असेल तर जातीचा दाखला, हमीपत्र, मशिनरीची कोटेशन, प्रकल्प अहवाल आणि ग्रामीणचं अनुदान पाहिजे असेल तर ग्रामपंचायतीकडून लोकसंख्येचा दाखला. हा शेवटचा कागद पोरं विसरतात आणि मग फाईल त्रुटीत जाते. जागा स्वतःच्या नावावर नसेल तर भाडेकरार किंवा संमतीपत्र लागतं, आमचं जुनं गोठ्याचं पत्र्याचं शेड आण्णांच्या नावावर होतं, त्याचा ८-अ उतारा आणि त्यांचं संमतीपत्र जोडलं.

प्रकल्प अहवाल मी तयार विकत घेतला नाही. तालुक्याच्या ठिकाणी मिळतो, नाव बदललं की झालं, भाकरीच्या जागी पापड, पापडाच्या जागी मसाला. पण बँकेतला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो त्याच आकड्यांवर, आणि ते आकडे तुमचे नसले तर तुमच्या तोंडून उत्तर येत नाही. मी सोलापुरात कडक भाकरी करणाऱ्या बायकांच्या घरी गेले, काहीजणी वर्षानुवर्षं हाच धंदा करतायत, त्यांनी मला हातचं काही राखून न ठेवता सांगितलं, किलोला किती भाकरी निघतात, फुटून किती जातात, गॅस किती लागतो, दुकानदार किती दिवसांनी पैसे देतो. एक मावशी म्हणाल्या, "बाळ, भाकरी करायला कोणपण करंल, पैसं वसूल करायला शिक." त्यांचं ते वाक्य मला नंतर रोज आठवायचं. हे सगळे आकडे घेऊन अहवाल लिहिला आणि मग सीएंकडून फक्त तपासून, डीएससीआर वगैरे काढून घेतलं. डीएससीआर म्हणजे तुमच्या धंद्यातून येणारी शिल्लक हप्ता आणि व्याजाच्या किती पट आहे, हे बँक बघते, हे समजून घ्या, अवघड नाही.

उद्योग केंद्रातली छाननी, समितीकडून शिफारस, हे तुलनेनं सरळ झालं, तिथल्या साहेबांनी एका कोटेशनवर जीएसटी नंबर नाही हे दाखवून दिलं ते बरंच झालं, नाहीतर पुढं बँकेत अडकलं असतं. फाईल बँकेच्या शाखेकडं गेली आणि तिथं थांबली.

हे नीट समजून घ्या, कारण इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. सरकार शिफारस करतं, कर्ज बँक देते. शिफारस आली म्हणजे कर्ज मंजूर असं नसतं. माझं वय पंचविशीच्या आसपास, कधी कर्ज घेतलेलं नाही, त्यामुळं सिबिलला स्कोअरच नाही, उणे एक येतो. उणे एक म्हणजे वाईट नव्हे, इतिहास नाही एवढंच, पण काउंटरवर बसलेल्याला तो आकडा बघून धडकी भरते. दुसरं, आण्णांचं पीककर्ज. आमच्याकडं दरवर्षी जुनं-नवं करतात, म्हणजे जुनं भरायचं आणि नवं उचलायचं, त्या वर्षी जुनं-नवं व्हायला उशीर झालेला, तेवढ्यावरून घरात थकबाकी आहे असा शेरा आला. ते कर्ज आण्णांचं, उद्योग माझा, पण शेरा तो शेरा. आण्णांनी आधी ते भरलं, निल दाखला, म्हणजे बाकी नसल्याचा कागद, आणला, मग फाईल पुढं सरकली.

आणि तिसरा प्रश्न शाखेतल्या साहेबांनी तोंडावर विचारला, "लग्न झाल्यावर हे कोण चालवणार?" मी एकटीच होते केबिनमध्ये. माझ्यानंतर बाहेर एक मुलगा बसला होता पोल्ट्रीच्या फाईलसाठी, त्याला हा प्रश्न विचारला नसणार हे मला तेव्हा पण माहीत होतं. मी म्हटलं साहेब, शेड आण्णांच्या जागेत आहे, मशिनरी बँकेकडं तारण आहे, हप्ता माझ्या खात्यातून जाणार आहे, आणि मंजुरीपत्रात कुठं लग्नाचा कॉलम असला तर मला दाखवा. ते काही बोलले नाहीत. पण अहवाल मात्र पहिल्यांदा त्यांनी उघडला आणि आकडे विचारायला लागले, आणि आकडे मला पाठ होते. मंजुरी त्याच साहेबांच्या सहीनं आली, हे पण सांगायला पाहिजे. पण तो प्रश्न अजून पण पोरींना विचारला जातो आणि तो बंद व्हायला पाहिजे, कारण किती जणी तिथूनच घरी परत जात असतील.

आता पैशाचं. ८ लाखात यंत्रं, शेगड्या, वायरिंग मिळून ५ लाख ६० हजार आणि खेळतं भांडवल २ लाख ४० हजार. माझा हिस्सा ४० हजार. बँकेनं ७ लाख ६० हजार मंजूर केले, त्यातलं यंत्रांचं मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलाचं सीसी लिमिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचे आणि भरायचे असं खातं. मग बँक अनुदानाची मागणी करते आणि ३५ टक्क्याचे २ लाख ८० हजार येतात, पण ते तुमच्या हातात येत नाहीत, बँकेत ३ वर्षं मुदत ठेवीत राहतात, तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, त्या ठेवीवर तुम्हाला पण व्याज मिळत नाही, आणि ३ वर्षं उद्योग चालू राहिला, तपासणी झाली, की मग ती रक्कम कर्जात वळती होते. बरीच पोरं समजतात की अनुदान म्हणजे आधी मिळणारे रोख पैसे. तसं अजिबात नाही, आणि ते तसं नाही हेच बरं आहे.

कर्ज उचलण्याआधी उद्योजकता प्रशिक्षण घ्यावं लागतं, उत्पादनाला दोन आठवडे, सेवा उद्योगाला एक आठवडा. मी एमसीईडीकडं, म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राकडं केलं. लोक याला कागदापुरतं समजतात, मला मात्र तिथं खूप मिळालं. बॅचमध्ये एकजण पॉवरलूमवर टॉवेल काढणारा, एकजण शेतीची औजारं बनवणारा वेल्डर, एक वहिनी शाळेच्या गणवेशाचं शिलाई युनिट काढणाऱ्या. कॉस्टिंगच्या तासाला सरांनी विचारलं तुमचा स्वतःचा पगार खर्चात धरलाय का, आणि आख्ख्या वर्गात जवळजवळ कुणीच धरलेला नव्हता. पोरं धंदा काढतात, वर्षभर राबतात आणि वाटतं नफा झाला, तो नफा नसतो, ती स्वतःची फुकट गेलेली मजुरी असते. तो वेल्डर आता माझा मित्र आहे, माझ्या भाजणीच्या शेगडीचे स्टँड त्यानंच करून दिलेत.

यंत्रांमध्ये धान्य निवडायची चाळणी, खडा काढायचं मशीन, गिरणी, पीठ मळायचं यंत्र, गॅसच्या लांब शेगड्या, वाळवणीचा ड्रायर, वजनकाटा आणि पाकीट सील करायचं मशीन. थ्री फेजचं कनेक्शन लागतं, त्याचं कोटेशन मंजुरीची वाट न बघता आधीच काढून ठेवा, खर्च प्रकल्पात धरता येतो. विक्रेता भाकरी थापायचं मशीन पण गळ्यात मारत होता. ते घेतलं नाही. दाबून केलेली भाकरी वाळल्यावर मला चिवट लागली, आणि दुसरं म्हणजे थापायला माझ्या गावात हात आहेत, पिढीजात तरबेज हात, ज्यांना शेतातलं काम वर्षातले मोजके महिने मिळतं. मशीन घेऊन त्या हातांना घरी बसवायचं असतं तर मी पुण्यातच थांबले असते.

गिरणी मात्र स्वतःचीच पाहिजे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरते आणि कडक करताना तुटते. बाहेरून दळून आणलेलं, दोन-तीन दिवस पडून राहिलेलं पीठ चालत नाही. सकाळी दळायचं आणि त्याच दिवशी कढत पाण्यात मळून संपवायचं. लॅबमध्ये शिकलेलं इथं कामाला आलं, भाजल्यावर प्रत्येक घाण्यातली एक भाकरी मी ओलाव्यासाठी तपासते, आत ओल राहिली की आठ-दहा दिवसात वास येतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. आमच्याकडं ज्वारीची सुगी फेब्रुवारी-मार्चमध्ये. वर्षभराचा माल तेव्हाच घ्यावा लागतो, तेव्हा माल भरपूर असतो, ताजा असतो आणि भाव खाली असतो. पावसाळ्यापर्यंत थांबलं तर भाव चढतो आणि किडीचा माल गळ्यात पडतो. मी अर्ज २०२३ च्या पावसाळ्यात टाकलेला, मुदत कर्जाचे पैसे यंत्रवाल्यांच्या खात्यात थेट गेले, यंत्रं आली, बसली, सगळं सुगीच्या आधी. पण सीसी लिमिट उघडलं नाही. शाखेचं म्हणणं, यंत्रं बसल्याची पाहणी होऊ दे, उत्पादन सुरू होऊ दे, स्टॉक दाखव, मग सीसी. आणि स्टॉक घ्यायला तर सीसी पाहिजे. शेडमध्ये नवी कोरी यंत्रं उभी, बाहेर खळ्यावर ज्वारीच्या राशी पडलेल्या, व्यापाऱ्यांच्या गाड्या भरून जातायत आणि माझ्याकडं वीस पोती घ्यायला पैसा नाही. रात्र रात्र झोप लागली नाही तेव्हा. मुदत कर्जाची सहा महिने सवलत होती, पण सवलत संपली की हप्ता सुरू होणार आणि धान्यच नसलं तर विकायचं काय.

वाट निघाली ती शेतकऱ्यांकडूनच. आण्णांनी भावकीतल्या आणि शेजारच्या गावातल्या काही जणांना बसवलं, मी हिशोब मांडला. काहींनी अर्धे पैसे आता आणि अर्धे दिवाळीला यावर माल दिला, भाव त्या दिवशीचा लिहून ठेवला वर क्विंटलला ठरवून थोडी वाढ. ज्यांना पैशाची घाई होती त्यांनी बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून शेतमाल तारण योजनेतून कर्ज उचललं. पणन मंडळाची योजना आहे ती, ६ टक्के व्याज, १८० दिवसांची मुदत, फक्त शेतकऱ्यासाठी, व्यापाऱ्याला मिळत नाही. त्यांची नड भागली, माल पडत्या भावात विकावा लागला नाही आणि मी लागेल तसा त्यांच्याकडून सोडवत गेले. सीसी नंतर आलं, पाऊस पडून गेल्यावर. त्या वेळेला आलेला पैसा गॅस आणि पाकिटांना उपयोगी पडला, ज्वारीला नाही. योजनेच्या कागदात हे खेळतं भांडवल मंजूर म्हणूनच दिसतं, पण शेतमालाच्या धंद्यात पैसा किती याच्याइतकंच तो कधी मिळतो याला महत्त्व आहे. माझ्यामागं आण्णांची पत होती म्हणून निभावलं. ज्या पोराचे वडील नाहीत, किंवा गावात कुणी ओळखत नाही, किंवा ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या शेतीच नाही, त्याला कोण दिवाळीच्या बोलीवर धान्य देणार? त्याचं युनिट तिथंच बंद पडतं आणि मग लोक म्हणतात पोरांना धंदा जमत नाही.

परवान्याचं थोडक्यात. उद्यम नोंदणी आधारवर, फुकट, २०२० पासून तीच एक नोंदणी आहे, पैसे मागणाऱ्या साइट्सवर जाऊ नका. मी सुरू केलं तेव्हा १२ लाखापर्यंत उलाढाल असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरत होती, वर्षाला १०० रुपये. पाकिटावर वजन, एमआरपी, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत खाता येईल, हिरवं चिन्ह, नोंदणी क्रमांक आणि पोषणाचा तक्ता लागतो, त्यासाठी लॅबचा रिपोर्ट काढा, अंदाजे छापू नका. ट्रेडमार्कला उद्यम असेल तर एका वर्गासाठी ९ हजाराऐवजी साडेचार हजार फी. जीएसटी वस्तूंना ४० लाखापर्यंत बंधनकारक नाही, पण मोठा दुकानदार नंबर मागतोच.

विक्री पहिल्यांदा पंढरपुरात झाली. आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर. वारकऱ्यांना काय लागतं, न खराब होणारं, झोळीत मावणारं, उपाशी पोटाला आधार देणारं. आषाढीला चार भाकरी आणि शेंगाची चटणी असं छोटं पाकीट काढलं, मठांच्या बाहेर आणि एसटी स्टँडजवळ दोन मावशी घेऊन बसल्या, माल पुरला नाही. मग पुण्याच्या सोसायट्या, सोलापूरची दुकानं, जानेवारीत गड्ड्याची यात्रा. दुकानदारांकडं उधारी अडकते, सोलापूरच्या त्या मावशींनी सांगितलेलं तसंच. उद्यम नोंदणी असली की कायद्यानं ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे देणं खरेदीदाराला बंधनकारक आहे, २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या कायद्यात तसं आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. आता तर आयकरात पण नियम आलाय की वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी वजा मिळत नाही. मी हे बिलाच्या खाली छापूनच घेतलं. कोर्टात कुणाला ओढलं नाही, पण छापल्यापासून फोन उचलायला लागले.

हिशोब पण सांगते, लपवायचं काय त्यात. किलोभर पिठात साधारण १६ भाकरी, दुकानदाराला ८ रुपयाला एक, म्हणजे १२८ रुपये. ज्वारी घट धरून ४८, थापणाऱ्या-भाजणाऱ्या बायकांना भाकरीमागं २ रुपये म्हणजे ३२, गॅस १४, पाकीट १०. राहिले २४, त्यातून वीज, गाडीभाडं, हप्ता आणि माझा पगार. थेट गिऱ्हाइकाला विकलं तर भाकरी १२ ला जाते, तेव्हा जरा श्वास मिळतो. पण यातला ३२ चा आकडा बघा. ४८ रुपयाची ज्वारी पोत्यातून गेली असती तर गावात ते ४८ च राहिले असते. आता त्यावर बत्तीस रुपये गावातल्या बायकांच्या हातात पडतात, रोज, पाऊस पडो न पडो. एक काकू आहेत, त्या आधी द्राक्षबागेत कामाला जायच्या, पहाटे जीपमधून. आता घरापासून चालत येतात. त्यांच्या मुलीनं यंदा बारावी सायन्सला फॉर्म भरला.

आपल्याकडं विकास म्हटला की मोठ्या कंपनीचा करार आणि हजार कोटींचा आकडा डोळ्यापुढं येतो. ते पण पाहिजे. पण देशाच्या जीडीपीत साधारण ३० टक्के वाटा एमएसएमईचा आहे आणि त्यात जवळजवळ सगळे सूक्ष्म म्हणजे माझ्यासारखे, दोन-पाच-दहा माणसांचे. तालुक्याला अशी पंचवीस युनिटं उभी राहिली तर पुण्याची बस पकडणाऱ्या पोरांपैकी काहीजण तरी थांबतील. त्यांना थांबवायला नुसतं भाषण आणि मेळावा पुरत नाही. शाखेत फाईल का थांबली हे लेखी कळायला पाहिजे. हंगामी मालाच्या उद्योगाला सीसी सुगीच्या आधी उघडायला पाहिजे, पाहणीची तारीख त्याप्रमाणं लावायला पाहिजे. आणि मंजुरीनंतरचं पहिलं वर्षभर कुणीतरी महिन्याला येऊन वही बघायला पाहिजे, म्हणजे मशीन देऊन पाठ फिरवू नका. आमच्या बॅचमधल्या टॉवेलवाल्याचं युनिट याच पहिल्या वर्षात अडकलं, माल चांगला होता त्याचा, उधारीनं मारलं.

सीसी लिमिट वाढवायचा अर्ज मी यावेळी ऑगस्टमध्येच टाकलाय, स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला देत होते त्यामुळं शाखेनं लगेच कागद मागवले. ज्यांना ज्वारी, हळद, बेदाणा, कुठल्या पण हंगामी मालात उतरायचंय त्यांनी आपल्या सुगीच्या महिन्यापासून उलटं मोजत जा: सुगीच्या आधी सीसी हातात, त्याच्या आधी यंत्रं बसून पाहणी, त्याच्या आधी प्रशिक्षण आणि मंजुरी, आणि ज्वारीसाठी हे मोजलं तर अर्ज आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच जायला पाहिजे, पावसाळ्याची वाट बघू नका. लोकसंख्येचा दाखला आणि घरातल्या पीककर्जाचा निल दाखला त्याच्याही आधी काढून फाईलला लावा. मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, पंढरपूर भागातलं कुणी असेल तर सरळ युनिटवर या, सकाळी दळण चालू असतं, माझा प्रकल्प अहवाल वाचायला देते, आकडे बदलून नव्हे तर तुमचे स्वतःचे कसे काढायचे ते बसून बघू.